दिवाळीच्या छाटणीनं बिघडलेली बोर : बोरिवलीतल्या एका झाडाचं प्रकरण

बोरिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाला लागून एक गावठी बोर आहे. इमारत उभी राहिली तेव्हाही ती होती, असं जुने रहिवासी सांगतात. जानेवारी २०२२ च्या सभेत ती तोडून टाकायचा विषय निघाला आणि हात वर करणाऱ्यांत बहुमत तोडण्याच्या बाजूचं होतं. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याकडचं. बोरीखाली लहानाची मोठी झालेली मी. बोरिवलीत राहून बोर तोडायची, हे मला सहनच होईना. पण नुसती माया दाखवून सभा जिंकता येत नाही, म्हणून मी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या तीन महिन्यांत काय सापडलं, पुढच्या दोन हंगामांत काय केलं, काय फसलं, ते इथे लिहिते आहे. सोसायटीच्या आवारात अशी बोर असलेल्या कुणाला ते उपयोगी पडावं.

तक्रारी खऱ्या होत्या, हे आधी सांगते. डिसेंबर ते फेब्रुवारी झाडाखाली बोरांचा सडा पडायचा आणि उचलावं ते बोर किडकं निघायचं. गाड्यांखाली चिरडून चिकचिक व्हायची, वर माश्या. गाडी लावायच्या उंचीवर लांबलचक काटेरी फांद्या यायच्या. बोरीच्या काट्यांची जोडी असते, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला, त्यामुळे ओढणी एकदा अडकली की सोडवताना फाटतेच. तिसरं कारण भीतीचं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा शहरभर झाडं कोसळली. आमच्या दारातला गुलमोहरही दोन गाड्यांवर आडवा झाला. तेव्हापासून आमच्याकडे झाड म्हटलं की लोक वर बघायला लागले. बोरीची एक काटकीसुद्धा त्या दिवशी पडली नव्हती. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात, बियांपासून उगवलेल्या बोरीचं सोटमूळ खोल जातं. हे मी सभेत सांगितलं, पण घाबरलेल्या माणसाला मुळं दिसत नाहीत.

आमचे सेक्रेटरी मंगळवेढ्याचे. ते मला म्हणाले, "वहिनी, मला बोरी शिकवू नका. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. किडकं झाड आहे, जाऊ द्या."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, गावाकडची बोर दरवर्षी किडते का?"

ते गप्प बसले. गावाकडची बोर काही सगळी किडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग मी धाकट्या भावाला फोन लावला. त्याची तीन एकर बोर आहे, उमराण आणि कडाका या जातींची. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा आमच्या भागात माळरानावर बोर लागली. वडिलांनी लावलेलीच झाडं आता तो सांभाळतो. झाडाचे फोटो पाठवले, तर त्यानं एकच प्रश्न विचारला, "अक्का, छाटणी कवा करता?"

मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "दिवाळीच्या आधी, वहिनी. लायटिंग लावायला फांद्या आड येतात ना."

भाऊ फोनवर जवळजवळ ओरडलाच, "अगं, मग बोरं कुठनं येतील? फुलावर आलेल्या झाडाला कुऱ्हाड लावताय तुम्ही!"

सगळं प्रकरण इथेच उलगडलं. बोरीला फळ धरतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. उन्हाळ्यात ती पानं झाडते आणि झोपल्यासारखी होते. पावसाच्या तोंडावर नवे फुटवे येतात, त्याच फुटव्यांवर पावसाळ्याच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बारीक हिरवट-पिवळी फुलं लागतात आणि थंडीत फळ पिकतं. म्हणून महाराष्ट्रात बोरीची छाटणी एप्रिलमध्ये, झाड झोपेत असताना करतात. आमच्याकडे दरवर्षी ऑक्टोबरात हात पोचेल तिथवरच्या सगळ्या फांद्या, फुलांसकट आणि वाटाण्याएवढ्या बोरांसकट, छाटल्या जात होत्या. राहायचा तो वरचा शेंडा, तिसऱ्या मजल्याच्या उंचीचा. तिथे बोरं लागायची, ती कुणाच्या हाताला यायची नाहीत. पिकून, सडून, आपोआप खाली पडायची. खालच्या कापलेल्या खोडातून अवेळी फुटायचे ते पाणसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे जोमदार वांझ फुटवे. अशा फुटव्यांवर काटे सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत तीक्ष्ण असतात. म्हणजे गाडीच्या उंचीवरचे काटे आणि पार्किंगमधला सडा, या दोन्ही तक्रारी आमच्याच दिवाळीच्या छाटणीतून आल्या होत्या.

राहिली कीड. जानेवारीत मी झाडाखालची ५० बोरं मोजून उचलली आणि एकेक चिरून पाहिलं. ४१ बोरांत पांढुरकी अळी होती, बीच्या भोवतीचा गर तपकिरी, कडू. ही बोरमाशीची अळी. शास्त्रीय नाव कार्पोमिया वेसुव्हियाना. माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडं घालते, अळी आतला गर खात वाढते, मोठी झाली की फळाबाहेर पडून मातीत शिरते आणि बोटभर खोलीवर कोष करते. त्या कोषातून नवी माशी निघते. आता आमच्याकडे काय चाललं होतं ते ऐका. सकाळी झाडणारी बाई पडलेली बोरं गोळा करून झाडाच्याच बुंध्याशी लोटायची, खत होईल म्हणून. त्या बिचारीचा हेतू चांगला होता. पण प्रत्येक किडक्या बोरातली अळी अलगद मातीत उतरत होती आणि पुढच्या हंगामाची माशी आम्ही झाडाच्या पायथ्याशीच पाळत होतो.

याच सुमारास एका शेजाऱ्यांनी उत्साहानं फळमाशीचा सापळा आणून टांगला. पिवळा डबा, आत वासाची वडी. त्यात माश्या पडल्या, सगळ्यांना बरं वाटलं, पण बोरांतली कीड तेवढीच राहिली. त्या वडीचा वास आंबा-पेरूच्या फळमाशीच्या नराला ओढतो. बोरमाशी वेगळ्या प्रजातीची आहे. डबा भरलेला दिसतो आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं, म्हणून हा सापळा मला जास्त घातक वाटतो.

मार्चच्या सभेत मी फोटो, चिरलेल्या बोरांची मोजणी आणि भावाची एक पेटी उमराण घेऊन गेले. उमराण बोर मोठं, लांबट, सोनेरी, पिकताना चॉकलेटी झाक येणारं. सगळ्यांनी खाल्ली. मग मी म्हटलं की झाडाला दोन हंगाम द्या, खर्च मी आणि आणखी चार घरं मिळून करू. सेक्रेटरी उठून म्हणाले, "दोन वर्षं देऊ. पण गाड्यांवर एक फांदी पडली तर मी ऐकणार नाही." एवढ्यावर तडजोड झाली.

छाटणीला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, झाड खासगी आवारात असलं तरी. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जतन कायद्यानं झाड तोडणंच नव्हे, तर त्याला इजा करणंही बंधनात आणलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे. आमच्या बोरीचं वय कागदावर कुठे नाही, पण जुन्या रहिवाशांच्या सांगण्यावरून ती त्या उंबरठ्याच्या आसपास असावी. दिवाळीला बिनपरवाना चाललेली छाटणी किती अंगलट आली असती, हे समितीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्ज, फोटो, पाहणी, मग परवानगी, असं रीतसर झालं. मुंबईत पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मे मध्येच चालते, आणि नेमका तोच बोरीच्या छाटणीचा मोसम आहे. ही सोय शहराला आपसूक मिळालेली आहे, फक्त ठेकेदाराच्या माणसाला बोर ओळखता आली पाहिजे.

तो ओळखत नव्हता. त्यानं आल्या आल्या रस्त्याकडची अख्खी फांदी बुंध्यापासून उतरवायला दोरी टाकली. मी खाली उभी राहून थांबवलं. एका बाजूचा भार काढला की झाड दुसऱ्या बाजूला कलतं, आणि आमची दुसरी बाजू म्हणजे गाड्या. भावानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं केलं : वाळलेलं, एकमेकांवर घासणारं, आत वाढलेलं आधी काढलं. गेल्या वर्षीच्या फांद्यांची निम्मी लांबी उतरवली. मधला उंच शेंडा दोन टप्प्यांत खाली आणायचं ठरवलं, पहिल्या वर्षी एक तृतीयांश. पाणसोट सगळे बुडापासून काढले. प्रत्येक काप तिरका, पाणी साचू नये असा. मोठ्या जखमांवर बोर्डोपेस्ट लावली. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून १ लिटर पाण्यात एकत्र करायचे, भांडं प्लॅस्टिकचं घ्यायचं, धातूचं नाही. मुंबईच्या पावसात उघड्या जखमेत बुरशी शिरायला वेळ लागत नाही, म्हणून माझ्या मते इथे या पेस्टीला सांगोल्यापेक्षा जास्त महत्त्व आहे.

बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक थेट सालीला टेकलेले होते. चार फूट रुंदीचं आळं मोकळं केलं. मे महिन्यात ती माती वीतभर खोल खणून उन्हात उलटीपालटी केली. कोष वर आले, ते साळुंक्यांनी आणि कावळ्यांनी टिपले. आठ-दहा दिवसांनी पुन्हा खणली. त्यात शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली. झाडूवाल्या मावशींना मी स्वतः समजावलं, "मावशी, पडलेलं एकही बोर मातीत नको, सगळं या काळ्या पिशवीत." पिशवी तोंड बांधून दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवायची, मग कचऱ्यात. उन्हात आतल्या अळ्या शिजून मरतात. कंपोस्टच्या खड्ड्यात ही बोरं चुकूनही टाकायची नाहीत.

मुलं झाडाखाली खेळतात, हाताला लागेल ते बोर तोंडात टाकतात. म्हणून कीटकनाशक मारायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. फळ वाटाण्याएवढं असताना बागायतदार फवारणी करतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहे, त्यांचा संसार त्या पिकावर आहे. आमचा नव्हता.

जूनमध्ये झाड असं फुटलं की सेक्रेटरी रोज सकाळी दूध आणायला जाताना थांबून बघायला लागले. आता आमच्या हावेची गोष्ट. भाऊ म्हणाला, नव्या फुटीवर उमराणचे डोळे भरून बघू, म्हणजे उमराणच्या काडीवरचा डोळा कापून गावठी फांदीच्या सालीत बसवून कलम करू, गावठी खुंटावर पेन्सिलीएवढी काडी झाली की झालं. बोरीच्या बऱ्याच जातींना स्वतःच्या परागानं फळ नीट धरत नाही, शेजारी दुसरी जात लागते, म्हणजे तोही फायदा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो डोळकाड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रीच्या गाडीनं आला. नऊ डोळे भरले. त्या आठवड्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. डोळ्यांवर बांधलेल्या पट्टीच्या आत पाणी उतरलं, सहा डोळे काळे पडले, तीन लागले. सोलापूरकडे जुलै महिना डोळे भरायला उत्तम, कारण तिथे पाऊस बेताचा. मुंबईत तोच महिना चुकीचा, हे आम्हाला सहा डोळे घालवून कळलं. दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच छाटणी केली, आळ्याला पाणी देऊन फूट लवकर आणली आणि जूनच्या सुरुवातीला डोळे भरले. २०२३ मध्ये मोसमी पाऊस उशिरा आला, मुंबईत २५ जूनला पोचला, त्याच दिवशी दिल्लीतही. तेवढ्या कोरड्या दिवसांत सहापैकी पाच डोळे लागले. ते नशिबानं जमलं, हे मान्य करते. पण डोळे पावसाआधी भरायचे, पावसात नाही, एवढं मुंबईपुरतं मी आता ठामपणे सांगेन.

फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाजवळ उग्र-गोडसर वास येतो आणि मधमाश्या, गांधीलमाश्या, साध्या माश्या यांची नुसती वर्दळ. एक-दोघांनी गांधीलमाश्यांची तक्रार केली. फुलावर आलेली गांधीलमाशी आपल्या वाटेला जात नाही, पोळं कुठे नाही एवढं पाहून घेतलं आणि विषय संपवला. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेली कॉमन पियरो फुलपाखरंही त्या वर्षी दिसली. त्यांच्या अळ्या बोरीचाच पाला खातात, झाडाला त्याचं काही वाटत नाही.

पहिली तोड जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात झाली. बोरं एकदम पिकत नाहीत, एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, तांबूस असं सगळं असतं. हिरवट-पिवळं झालेलं, हाताला घट्ट लागणारं बोर काढावं. पूर्ण तांबडं होऊन सुरकुतलं की ते सुकवायला. आम्ही पाच तोडण्या केल्या. झाड आता बुटकं झाल्यामुळे अर्धं काम शिडीवरून हातानं, बाकीचं झेल्यानं. चादर चौघांनी ताणून धरायची आणि फांदी हळूच हलवायची, हा मुलांचा आवडता भाग. दगड मारून बोरं पाडायला बंदी घातली, कारण दगडाचा ठेचा लागलेलं बोर दुसऱ्या दिवशी सडतं आणि चुकलेला दगड काचेवर जातो. एकूण १४ किलो बोरं निघाली. पुन्हा ५० बोरं चिरून पाहिली, १९ किडकी. म्हणजे निम्म्याहून खाली आलो, पण संपलं नव्हतं.

त्यावर सभेत एकजण म्हणाले की १९ म्हणजे तरी जास्तच. बरोबर आहे. पण मागच्या गल्लीतल्या आवारात आणखी एक बोर आहे, तिच्याखाली तसाच सडा. माशीला कुंपण नसतं. आपण आपली माती कितीही खणली तरी शेजारची माशी येणारच, आणि हे मी तेव्हाच लेखी मांडलं.

दुसऱ्या हंगामात उमराणच्या तीन फांद्यांवर बोरं धरली. नोव्हेंबरच्या थंड, दमट सकाळींमध्ये त्यांच्यावर भुरी आली. फळावर पिठासारखा पांढरा थर, मग तपकिरी खरबरीत साल, मग गळ. २६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस पडला, त्यानंतर भुरी वाढली. त्या तीन फांद्यांपुरतं पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळच्या वेळी दोनदा फवारलं. मुलांना तिथपर्यंत जाऊ न देण्यासाठी दोरी बांधली. बोरं वाचली, पण अर्धीच. शेजारच्या गावठी फांद्यांवर भुरीचा एक ठिपका नव्हता. पेटीतली उमराण खाऊन माझ्या बाजूनं झालेले बरेच लोक आता म्हणायला लागले की गावठीच बरी. माझंही मत तेच झालं आहे. उमराण कोरड्या हवेचं पीक आहे, सांगोल्यात ते सोनं, बोरिवलीत ते पाहुणं. ती तीन-चार फांद्यांपुरतीच ठेवायची, परागासाठी आणि हौसेसाठी, पुढे आणखी डोळे भरायचे नाहीत.

याच काळात पाचव्या मजल्यावरच्या एका मुलीनं ऑनलाइन 'जुजुब' नावाचं रोप मागवलं, लाल सुकवलेल्या फळांचा फोटो बघून. ते चिनी बोर, झिझिफस जुजुबा. आपली बोर झिझिफस मॉरिशियाना. कूळ एक, स्वभाव वेगळे. चिनी बोरीला थंडीचा मुक्काम लागतो, हिवाळ्यात ती पानं झाडून झोपते. मुंबईच्या हिवाळ्यात तिला झोपच येणार नाही, तर फळ कुठून येणार? तिचीच सुकी फळं युनानी औषधांच्या दुकानात उन्नाब म्हणून मिळतात. खायची हौस असेल तर ती तिथून आणावीत, रोप कुंडीत कष्टी करू नये, असं मी त्या मुलीला सांगितलं.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये ३१ किलो बोरं उतरली. ५० पैकी ७ किडकी. आता या बोरांचं काय करायचं हा आनंदाचा प्रश्न होता.

संक्रांतीच्या सुगडांसाठी बोरं, हरभरे, उसाचे तुकडे, शेंगा, गाजर, ओंब्या लागतात. दरवर्षी सगळं स्टेशनबाहेरून आणायचो, या वेळी बोरं घरची होती. ३६ घरांना प्रत्येकी ओंजळभर पोचली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या नातवाचं बोरन्हाण होतं, संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एका रविवारी. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून चुरमुरे, रेवड्या, बोरं. बाळ सव्वा वर्षाचं. त्याच्या आजीला मी आधीच सांगितलं होतं, "काकू, बाळाच्या डोक्यावर चुरमुरे-हलवाच ओता, बोरं आजूबाजूला. एखादं तोंडात गेलं तर बी अडकेल." काकूंनी बोरं बाजूच्या मुलांच्या दिशेनं उधळली आणि गोळा करायला जी झुंबड उडाली, त्यात सेक्रेटरींची दोन्ही नातवंडं सगळ्यांत पुढे होती. ज्या झाडाला तोडायचं ठरलं होतं त्याची बोरं त्या खोलीभर लोळत होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

उरलेली बोरं सुकवली. इथे मुंबईची एक अडचण आहे. ऊन जानेवारीत चांगलं असतं, पण संध्याकाळनंतर हवेत दमटपणा येतो. गच्चीवर कापडावर पसरलेली बोरं सूर्य मावळायच्या आत घरात आणावी लागतात. एक रात्र बाहेर राहिली आणि एका ताटाला बुरशी धरली, ते ताट फेकावं लागलं. दहा-बारा दिवसांत बोर हलवलं की आत बी खडखडते, तेव्हा ते झालं. मग खलबत्त्यात हलक्या हातानं कुटायचं, बी फुटू द्यायची नाही, गर सुटला की चाळायचं. त्यात मीठ, पादेलोण, तिखट, थोडा गूळ किंवा पिठीसाखर. झालं बोरकूट. शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळणारं, जीभ लाल करणारं ते, फक्त इथे रंग नव्हता. अर्धपिकी बोरं टोचून, मीठ-हळद लावून, मोहरी-मेथीच्या मसाल्यात लोणचं घातलं. पिकलेल्यांची गूळ-तिखट घालून चटणी केली, ती आठवड्यात संपली. गावठी बोर इथे उमराणला मागे टाकते. तिच्यात आंबटपणा असतो, आणि बोरकुटाला, लोणच्याला आंबटपणाच लागतो. बाजारात नोव्हेंबरपासून दिसणारं हिरवं, लिंबापेक्षा मोठं ॲपल बोर मीठ लावून खायला छान, कुरकुरीत, रसाळ. पण ते सुकवून बघितलं तर हाती नुसता चोथा येतो.

सफरचंदापेक्षा बोरात क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं, हे मी सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे. सफरचंद दोनशे-तीनशे रुपये किलोनं आणणाऱ्या घरांनी ते वाचावं, एवढीच इच्छा.

सगळं सुटलं आहे असं नाही. मधला उंच शेंडा अजून पूर्ण खाली आलेला नाही, तिथली बोरं पोपटांची. पोपट कच्चं बोर कुरतडून अर्धं टाकतात, ते खाली पडतं आणि मावशींचं काम वाढतं. कुंपणाबाहेर फूटपाथवर झुकलेली एक फांदी परवानगीच्या पुढच्या फेरीत घ्यायची आहे. दिवाळीची रोषणाई आता गेटच्या कमानीवर आणि जिन्याच्या कठड्यावर होते. पहिल्या वर्षी दोघे-तिघे हळहळले, दुसऱ्या वर्षी कुणाला आठवलंही नाही. छाटणीची तारीख सोसायटीच्या वार्षिक कामांच्या यादीत, पाण्याच्या टाक्या धुण्याच्या शेजारी, एप्रिलचा पहिला आठवडा म्हणून नोंदली आहे. ती नोंद सेक्रेटरींनी स्वतः केली.

आणि मागच्या गल्लीतली बोर. एप्रिल २०२४ मध्ये आमची छाटणी चालू असताना तिथला वॉचमन कुंपणापलीकडून बघत होता. दुपारी तो गेटवर आला आणि विचारलं, "ताई, ते निळं औषध उरलंय का? आमच्या साहेबांनीपण छाटायचं ठरवलंय." अर्धी बादली बोर्डोपेस्ट उरली होती. ती, आणि काळ्या पिशव्यांचं एक बंडल, मी त्याच्या हातात दिलं, आणि माती कधी व किती खोल खणायची ते कागदावर लिहून दिलं.